गाडी निघाली आहे

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणता तीन महिने गेले. कारण सांगत नाही, वेळ होता. पाकीटही आणलं होतं आणि त्यावर तुझा पत्ताही टाकला होता. पण माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, आणि ते पाकीट चौघडी केल्यावर बरोब्बर त्या मापाचं झालं. आज खुर्ची बदलून मिळाली म्हणून पाकीट मोकळं झालं. घड्या तुला दिसतीलच.

तर, नोकरी लागली आहे. सातवी. मला मोजता येतं, तू नको मोजूस. संकटात माणसं जो नंबर फिरवतात ना, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी बसतो. पोलीस असो, आगीची गाडी असो की रुग्णवाहिका, पहिली हाक आमच्याकडे. लांबलचक खोली आहे. खिडक्या आहेत पण उघडत नाहीत. बारा टेबलं, बारा जणांच्या कानाला यंत्रं. आमचे साहेब म्हणजे इस्त्री. नाव वेगळं आहे, पण त्यांच्या शर्टाला सुरकुती नाही आणि बोलण्यालाही नाही. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत कानबाई बसतात. आमचे कॉल रेकॉर्ड होतात, त्यातला पन्नासातला एक त्या ऐकतात आणि चुका काढतात. बाकीचे एकोणपन्नास देवाच्या भरवशावर.

आमच्यापुढे एक कार्ड असतं. त्यावरचा पहिला प्रश्न "काय झालं?" हा नाही, "कुठून बोलताय?" हा आहे. फोन मध्येच तुटला तर 'कुठे' वर गाडी पाठवता येते, 'काय' वर नाही. लोकांना मात्र आधी काय झालं तेच सांगायचं असतं. काल एकाला विचारलं, कुठून बोलताय, तर म्हणतो, "फोनवरून!" त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

आता माझं विशेष काम. एक अपघात झाला की वीस जण फोन करतात. वीस गाड्या पाठवून कसं चालेल? मग पहिल्या कॉलला बाकीचे जोडायचे. बटण दाबायचं आणि सांगायचं, "माहिती मिळाली आहे. गाडी निघाली आहे." झालं. जोडलेला कॉल परत सुटा करायचा नाही, असं साहेबांनी बजावून ठेवलंय. सुटा केला की यंत्राला वाटतं आत्ताच आला. मागे एकानं केला होता, तर रुग्णवाहिका स्ट्रेचर घेऊन एका केव्हाच बऱ्या झालेल्या, लग्न झालेल्या, कामावर गेलेल्या माणसाच्या दारात. त्यावरून आठवलं, मी राहतो तिथे वरच्या मजल्यावर एक सुतार आहे, तो रोज सकाळी तासभर शिट्टी वाजवतो, एकच सूर. मला आता तो सूर नसेल तर जाग येत नाही. पण ते जाऊ दे.

भिंतीवर फळा आहे. कोण किती सेकंदांत कॉल उरकतो ते त्यावर लिहितात. मी दुसरा आहे! जन्मभर सगळे म्हणाले याचं कशात मन लागत नाही, पटकन उरकून पळतो. शेवटी त्याचीच नोकरी मिळाली बघ.

मार्चअखेर सहा महिने होतील. तेव्हा कायम करायचं की नाही ते ठरेल.

तुझा भोवरा


२१ जानेवारी

भोवऱ्या, तुला सगळं चांगलं मिळो, आधी नवं पाकीट मिळो.

पोस्टमननं तुझं पाकीट असं दोन बोटांत धरून दिलं की शेजारणीला वाटलं समन्स आलं.

फोन का घेत नाहीस, असं तू विचारायचास. बाळा, एकतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये या कानांतून दुसऱ्यांचे जन्म, मरण, भांडणं गेली. आता कानाला फक्त कुड्या. तू माझ्याच धंद्यात शिरलास याचं मात्र बरं वाटलं. म्हणून सांगते, वेगाचं कौतुक नको. आपलं काम ऐकण्याचं आहे. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक चूक नाही. कुणालाही विचार.

तुझ्या बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते पेपर वाचत होते. मी वाचत होते तोवर पान उलटलं नाही, एवढं मी पाहिलं. मग म्हणाले, "कायम झाला की मी स्वतः त्याला पत्र लिहीन." दोन वर्षांत तुझ्याबद्दल त्यांनी उच्चारलेलं हे सर्वांत लांब वाक्य. लगेच बोलून गेले, "म्हणजे लिहावं लागणार नाही." मी म्हटलं, "दादा, या वेळी तो टिकेल, हा माझा शब्द." माझा शब्द आजवर खाली पडलेला नाही. तू पाडू नकोस.

आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बैस आधी. बसलीस? मला प्रशस्तिपत्र मिळणार आहे. फ्रेमसकट.

चार तारखेला सकाळी अकराला गावाच्या उत्तरेला टायरच्या गोदामाला आग लागली. टायरचा धूर म्हणजे काय सांगू, आभाळावर कुणी शाईची दौत उपडी केली असं. अख्ख्या गावाला दिसला आणि अख्ख्या गावानं फोन केला. तासाभरात मी एकट्यानं त्रेचाळीस कॉल जोडले. माहिती मिळाली आहे, गाडी निघाली आहे. माहिती मिळाली आहे, गाडी निघाली आहे. शेवटी शेवटी शेजारच्या टेबलावरचीनं मला "तुझं नाव काय रे?" विचारलं, तर मी तिलाही "माहिती मिळाली आहे" म्हणालो. आता फळ्यावर मी पहिला. महिन्यातला सर्वांत छोटा कॉलही माझाच, नऊ सेकंद. इस्त्रीसाहेबांनी तो लाल खडूनं लिहिलाय.

आणि त्यावर कडी म्हणजे एका म्हाताऱ्या बाईंचं कार्यालयाला पत्र आलं. बाई पुस्तकांची बांधणी करतात. अक्षर असं की छापल्यासारखं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचलं. मी तुझ्यासाठी उतरवून घेतलं:

"चार तारखेला धुराबद्दल फोन केला तेव्हा आपल्याकडच्या मुलानं फार धीर दिला. घाबरू नका, गाडी निघाली आहे, असं म्हणाला. त्याच्या शब्दावर मी पायरीवर शांत बसून राहिले. हल्ली एवढ्या आपुलकीनं कोण बोलतं?"

'घाबरू नका' कार्डावर नाही बरं का, ते मी पदरचं घातलेलं. त्रेचाळिसांपैकी या बाई कोणत्या ते काही आठवत नाही, पण कुणीतरी तर असणारच. पंधरा मार्चला मोठे साहेब येणार, फ्रेम देणार, आणि साहेब म्हणाले कायमच्या कागदावर तेव्हाच सही. बाबांना पेन भरून ठेवायला सांग.

भोवरा


२२ फेब्रुवारी

भोवऱ्या,

पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा तुझ्या बाबांसाठी मोठ्यानं, एकदा शेजारणीसाठी त्याहून मोठ्यानं. बाबा "हं" म्हणाले. पण संध्याकाळी टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होते. विचारलं तर म्हणे, "काही नाही, शाईची बाटली वाळली का बघत होतो."

शेजारीण चौकस आहे, ठाऊकच आहे तुला. म्हणाली, बाई पायरीवर बसून राहिल्या, मग गाडी किती वेळात आली हो? मी म्हटलं, माझ्या भाच्याची गाडी, दहा मिनिटांत आली असणार. बरोबर वेळ कळव, म्हणजे तिच्या तोंडावर फेकता येईल.

फ्रेम काचेची आहे की प्लास्टिकची?

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

या वेळी पाकीट खुर्चीखाली गेलं नाही. तुझं पत्र वाचून हसतहसत यंत्रावर बसलो. वेळच तर बघायची होती.

माझे जोडलेले त्रेचाळीस कॉल काढले. बाईंचा एकतिसावा. घरचा फोन असला की नंबराशेजारी पत्ता येतो, तो मी तेव्हा पाहिला नव्हता. घड्याळवाल्याच्या मागची गल्ली. गोदाम गावाच्या उत्तरेला, ही गल्ली दक्षिणेला, मध्ये नदी. मग कॉल ऐकला.

"अहो, इथे खूप धूर झालाय हो. काळा."

"माहिती मिळाली आहे. गाडी निघाली आहे. घाबरू नका."

"बरं बाबा."

नऊ सेकंद. तो लाल खडूचा कॉल हाच.

त्यांचं स्वयंपाकघर जळत होतं, आत्या. बांधणीचा डिंक शेगडीवर उतू गेला होता. आणि मी त्यांना गोदामाला जोडून टाकलं. पहिलाच प्रश्न विचारला नाही. गाडी किती वाजता पोचली विचारतेस? पोचेल कशी, निघालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, गल्लीत जाऊन आलो. लांबूनच. कोपऱ्यावर सायकलवाला आहे, त्यानं सगळं सांगितलं. बाई कुणा गिऱ्हाइकाच्या सुट्या पानांचा गठ्ठा तेवढा उचलून बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. लोक बादल्या घेऊन धावले तर या म्हणे, "धावू नका रे, गाडी निघाली आहे. सायकली काढा, तिला वाट लागेल." लोकांनी आधी सायकली काढल्या, मग आग विझवली. आग विझल्यावरही त्या पाऊण तास बसून होत्या. त्या पोरानं सांगितलंय म्हणे. स्वयंपाकघर गेलं. छत काळं, खिडकी नाही. बाईंना खरचटलंसुद्धा नाही.

पंधरा मार्चला याचीच फ्रेम मिळणार आहे मला. सांग, काय करू?

भोवरा


२८ फेब्रुवारी

काही करू नकोस.

बाई धडधाकट आहेत, खूश आहेत. पन्नासातला एक कॉल ऐकतात म्हणतोस ना, मग एकतिसावा कोण ऐकतंय? झाकली मूठ राहू दे. मी शब्द दिलाय. तुझं पत्र बाबांना दाखवलं नाही, पोस्टाचा संप आहे म्हणून सांगितलं आणि पत्र फाडून टाकलं. तू हेही फाड.

आत्या


८ मार्च

आत्या,

तुझं पत्र फाडलं नाही. नव्या खुर्चीचाही एक पाय हलायला लागलाय.

मी इस्त्रीसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, कॉलर नीट केली आणि विचारलं, "तक्रार कुणाची आहे?"

म्हटलं, "कुणाचीच नाही, मीच सांगतोय."

"मग मी लिहू काय? जिचं नुकसान झालं ती आभार मानते आहे. आभाराची फाइल उघडली, पत्रिका छापल्या, फ्रेम आली. चूक कशावरून नोंदवू?"

"साहेब, तक्रारीचा अर्ज मीच भरतो."

भरला. तक्रारदार, मी. कुणाविरुद्ध, मी. कारकुनानं तो परत केला. दोन्ही रकान्यांत एकच नाव चालत नाही म्हणाला. "घरातलं भांडण घरात मिटवा."

मग एकच वाट राहिली. बाईंकडून तक्रार आणायची. या वेळी लांबून नाही, दार वाजवलं. पांढरे आखूड केस, बोटांना डिंक. मी कोण ते सांगितलं तर आधी हात धरून आत नेलं, काळ्या भिंतीशेजारी बसवलं आणि चहा दिला. मी म्हटलं, "बाई, ती गाडी निघालीच नव्हती. मी खोटं बोललो. म्हणजे, खोटं आहे हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करा."

त्यांनी सुई ओवून घेतली. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं पुलावर अडकली असेल."

"नाही हो. निघालीच नाही."

"तू घाबरू नका म्हणाला नसतास तर मी कात्री आणायला परत आत गेले असते. म्हणजे तुझ्या खोट्यानं मी वाचले. आता तक्रार कशाची करू, वाचल्याची?" आणि वर म्हणतात, "पण वाईट वाटलं हं. चारचौघांना मी सांगितलं होतं, निघाली आहे म्हणून. सायकलवाला अजून चिडवतो. म्हणतो, आजी, आली का गाडी?"

नुकसानीची तक्रार नाही त्यांची, आत्या. सायकलवाल्यासमोर शब्द खाली पडला त्याची आहे. तू आणि त्या एकाच माळेचे मणी. मी काय करू?

भोवरा


११ मार्च

भोवऱ्या,

तुझ्या बाबांनी कचऱ्याच्या डब्यातून त्या पत्राचे तुकडे काढून टेबलावर जुळवले होते. मी बघितलं तर म्हणाले, "संपात तुझं टपाल बरं येतं." मग चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, दादा, मी त्याला गप्प राहायला सांगितलंय. तर म्हणाले, "आधीच्या सहा नोकऱ्या त्यानं खोटी कारणं सांगून सोडल्या. खऱ्या कारणानं जाणारी ही पहिलीच. अडवू नकोस."

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एक्स्चेंजमध्ये एका शिंप्यानं भावाला कॉल बुक केला होता. भाऊ त्या दुपारी परदेशी निघायचा होता. मी त्याची चिठ्ठी 'झालेले' म्हणून असलेल्या खोक्यात ठेवली. डब्यातली वाटी सांडली होती, एका हातानं पुसत होते, दुसऱ्यानं ठेवली. तो तीन तास बाकावर बसला. मधूनमधून विचारायचा, "बाई, लागेल ना?" मी न बघता म्हणायची, "नंबरात आहे." लागला तेव्हा पलीकडून कुणी म्हणालं, आत्ताच निघाले. शिंपी मला म्हणाला, "तुम्ही फार खटपट केलीत." आणि आठवड्यानं, त्याच्याकडे शिवायला टाकलेल्या माझ्या ब्लाउजला शिंपल्याची बटणं लावून पाठवली.

तो ब्लाउज मी एकदाही घातला नाही. पेटीच्या तळाशी आहे. त्याला खरं सांगितलं असतं तर रागावला असता, एवढंच. आणि मी तो ब्लाउज कधीच झिजवून फेकला असता.

साहेबाकडे गेलास ते चुकलं. साहेब बोलतात. तुमच्याकडे ऐकण्याचा पगार घेणारी एकच बाई आहे, ती काचेच्या खोलीत बसते. तिच्याकडे जा. माझ्या शब्दाचं मी बघून घेईन.

आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र मी बाईंच्या पायरीवर बसून लिहितोय. कागदावर चुन्याचे ठिपके पडलेत. आज सुट्टी, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघराला चुना लावतोय. छत झालंय, पण दोन्ही भिंती बाकी आहेत, आणि मी मध्येच उठून पत्राला बसलो म्हणून बाई आतून म्हणाल्या, "एक काम धड पुरं करत नाहीस ना रे?" त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

चौदाला कानबाईंच्या दारावर टकटक केलं. त्या कधी कुणाशी बोलत नाहीत, त्यामुळे आवाज कसा असेल असं वाटायचं. अगदी साधा आहे. म्हटलं, माझे नऊ सेकंद ऐका. त्यांनी दोनदा ऐकले. कानाचं यंत्र काढून ठेवलं आणि म्हणाल्या, "तू 'कुठून' विचारलंच नाहीस."

"नाही विचारलं."

"वेगासाठी?"

"फळ्यासाठी."

त्यांनी वहीत लिहिलं. त्यांच्या वहीला तक्रारदार लागत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं! पंधराला मोठे साहेब आले. फ्रेम आणलीच होती, मग ती सर्वांत स्वच्छ टेबल म्हणून इस्त्रीसाहेबांनाच दिली. आणि माझा निकाल परवा लागला. मला वाटलं काढतील. मी तर पिशवीही भरून ठेवली होती, सवयच आहे. पण नाही. कायम करायचं नाही, काढायचंही नाही. आणखी सहा महिने उमेदवारी. आत्या, मला आयुष्यात पहिल्यांदाच शिक्षा म्हणून थांबायला सांगितलंय. बाबांना म्हणावं, शाई सप्टेंबरपर्यंत वाळू देऊ नका.

फळा पुसला. आता त्यावर कार्डातला पहिला प्रश्न लिहिलाय. वेगात मी आता शेवटून तिसरा आहे. कालच एक जण वैतागून म्हणाला, "किती विचारतोस रे, येऊन बघ की!"

एवढं लिहिलं आणि लांबून भोंगा ऐकू येतोय. गावात रोजच येतो, त्यात काय. पण हा जवळ यायला लागलाय. काल कानबाई म्हणाल्या होत्या, तो एकतिसावा कॉल गोदामाखाली राहणं बरं नाही, आज सुटा करून बाईंच्या पत्त्यावर नीट नोंदवते. मीही हो म्हणालो. मान डोलावून हो म्हणालो, आत्या! पहिल्या दिवशीचा 'सुटा करायचा नाही' हा नियम माझ्या डोक्यात आला नाही, आणि त्या बारा वर्षं नुसत्या ऐकतात, बटणांचं त्यांना काय ठाऊक.

लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आहे. त्रेपन्न दिवसांनी. पाच जण, शिरस्त्राणं घालून, नळी उलगडत धावत येतायत. सायकली वाटेत आहेत. सायकलवाला हातात पंप घेऊन तसाच उभा राहिलाय, तोंड उघडं.

बाई बाहेर आल्या. बोटं पदराला पुसली, गाडीकडे बघितलं, मग सायकलवाल्याकडे.

"काढ त्या सायकली," म्हणाल्या. "मी सांगितलं नव्हतं, निघाली आहे म्हणून?"

पुढचा जवान ओरडून विचारतोय, आग कुठे आहे, फोन कुणी केला होता? बाई माझ्याकडे बघतायत. पत्र इथेच ठेवतो, आत्या. मला उठायला हवं.